आम्हांलाही गोवर निघाला होता!

‘आमच्या लहानपणी घरोघर गोवर निघायचा. आम्हांलाही निघाला होता. काय झाले आम्हांला?’

हे वाक्य ज्याने आयुष्यात एकदाही ऐकले नाही असा मराठी माणूस मला अजून भेटायचा आहे. ते ओसरीवर ऐकू येते, लग्नाच्या पंगतीत ऐकू येते, दवाखान्याच्या बाकावर तर हमखास ऐकू येते. बोलणारा बहुधा साठीच्या पुढचा असतो, चांगला ठणठणीत असतो, आणि आपली ठणठणीत प्रकृती हाच आपल्या म्हणण्याचा पुरावा म्हणून तो पुढे करीत असतो. मीही हे वाक्य बोललो आहे. एकदा नव्हे, अनेकदा. सारा जन्म शिक्षकी पेशात गेल्यामुळे आपण बोललो की समोरच्याने मान डोलवायची अशी मला सवय जडलेली, म्हणून जरा ठासूनच बोललो आहे. आज या वाक्याविरुद्ध मला लिहायचे आहे. म्हणजे पर्यायाने स्वतःविरुद्धच लिहायचे आहे.

दिवाळी अंकात फराळाबरोबर वाचता येईल असे काही लिहावे, हा संकेत मला ठाऊक आहे. तो मोडतो आहे याला कारण २०२२ सालची दिवाळी. त्या वर्षी भाऊबीजेच्या सुमारास मुंबईत गोवंडीच्या रफीनगर वस्तीत अवघ्या दोन दिवसांत तीन बालके गोवराच्या साथीत दगावली. मग मालेगाव, भिवंडी, ठाणे अशी नावे एकामागून एक वर्तमानपत्रांत येऊ लागली. मुंबईतील बळींचा आकडा वर्ष संपण्यापूर्वीच दोन अंकी झाला. केंद्र सरकारचे पथक आले, राज्याने कृतिदल नेमले. आमच्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, आरोग्यसेविका दारोदार जाऊन ‘घरात कोणाला ताप-पुरळ आहे का?’ असे विचारू लागल्या. आणि आम्ही सिडकोतली पांढरपेशी माणसे दार अर्धवट उघडून ‘नाही हो बाई, इथे तसले काही नाही’ असे सांगून ते पुन्हा लावून घेऊ लागलो.

‘तसले काही’ नारेगावात असते, किराडपुऱ्यात असते, मुकुंदवाडीच्या झोपड्यांत असते, अशी आमची पक्की समजूत. गोवर हा आमच्या लेखी रोग नव्हताच, तो पत्ता होता. आणि आमचा पत्ता वेगळा होता.

जगलेल्यांची साक्ष

प्रथम त्या लाडक्या वाक्याचा समाचार घेतो. ‘आम्हांलाही निघाला होता, काय झाले आम्हांला?’ यातील ‘आम्ही’ म्हणजे कोण? जे जगले ते. जे मेले त्यांचे पान पंगतीत मांडलेले नसते. त्यामुळे ‘मला काय झाले ते ऐका’ असे सांगायला तिथे कोणी उठत नाही. विहिरीत पडलेल्या दहांपैकी नऊ वर आले आणि त्या नवांनी ‘विहिरीत पडण्याने काही होत नाही’ असा ठराव एकमताने पास केला, तर त्या ठरावाची जी किंमत, तीच या वाक्याची.

आमच्या घरात असे एक पान कायमचे उठले. १९५९ साली मी नऊ वर्षांचा होतो. पैठण तालुक्यात गोदाकाठच्या एका गावात आम्ही राहत होतो. पोळ्याच्या आधी की नंतर ते आठवत नाही, पण गावात गोवर आला आणि आम्हा तिघा भावंडांना एकदमच निघाला. घरात फोडणी बंद झाली. बाजेला कडुनिंबाचा डहाळा बांधला. खोली अंधारी केली, दारावर घोंगडी टाकली. आजीने हुकूम सोडला की, गोवर ‘बाहेर पडू द्यावा’, औषध देऊन तो ‘आत जिरवू’ नये. आम्हांला भिजवलेल्या मनुका आणि त्यांचे पाणी मिळे. दूध तोडले, भाकरी तोडली. थोरला भाऊ आणि मी उठलो. धाकटी अडीच वर्षांची होती. तिचे पुरळ मावळू लागले तशी तिला धाप लागली. तिसऱ्या रात्री ती गेली. ‘गोवर आत जिरला’ असे आजी म्हणाली आणि तो विषय घरात कायमचा मिटला.

तिला झालेला आजार न्युमोनिया होता, गोवराने दगावणाऱ्या मुलांपैकी बहुतेक याच वाटेने जातात, हे मला कळायला पुढे कितीतरी वर्षे लागली. लहान मूल म्हणून तिला पुरले होते. जायकवाडीचे धरण झाले, गाव उठले. ती जागा आज नाथसागराच्या पाण्याखाली आहे. मेलेल्या मुलाची साक्ष किती लवकर नाहीशी होते पाहा! मोठा होऊन मीच सर्वत्र सांगत सुटलो की, आम्हांलाही गोवर निघाला होता, काय झाले आम्हांला?

माझ्या वडिलांना मी दोष देत नाही. १९५९ साली जगात कोणाजवळच गोवराची लस नव्हती. अमेरिकेत एंडर्स आणि पीबल्स या शास्त्रज्ञांनी गोवराचा विषाणू १९५४ साली एका आजारी शाळकरी मुलाच्या रक्तातून वेगळा काढला होता. त्यापासून तयार झालेल्या लसीला परवाना मिळाला तो १९६३ साली. भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात ती १९८५ साली आली. वडिलांजवळ काही नव्हते, म्हणून त्यांनी डहाळा बांधला. माझ्याजवळ सर्व काही होते. मी काय केले ते आता सांगतो.

माझे दोन अपराध

माझ्या थोरल्या मुलाचा मुलगा २०१४ सालचा. तो नऊ महिन्यांचा झाला तेव्हा मुलाची बदली झाली, त्या धांदलीत गोवराची सुई राहून गेली. ‘पुढे देऊ’ म्हणता म्हणता ती राहूनच गेली. २०१८ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीची मोठी मोहीम निघाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला, आधी लस घेतलेली असो वा नसो, एक मात्रा द्यायची होती. नातवाच्या बालवाडीतून संमतीची चिठ्ठी आली. त्याच आठवड्यात मोबाइलवर एक संदेश फिरत होता: ही लस परदेशी कंपन्यांचा कट आहे, हिने मुले निकामी होतात. मुलाने चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली. मी चष्मा लावून ती वाचली आणि म्हणालो, ‘कशाला उगाच टोचून घ्यायचे? आम्हांलाही गोवर निघाला होता.’

ज्या लसीला परदेशी कट म्हणून मी नाक मुरडले ती पुण्यात तयार होते. हडपसरला. इथून साडेचार-पाच तासांच्या वाटेवर! माझ्यासारख्या जन्मभर पोरांना ‘वाचा, तपासून पाहा, मग बोला’ असे शिकवणाऱ्या माणसाला तेवढीही चौकशी करावीशी वाटली नाही. हा माझा पहिला अपराध.

दुसरा याहून वाईट आहे. २०२२ च्या डिसेंबरात पुतण्याचे लग्न होते. आदल्या सायंकाळी परभणीहून लेक आली. कडेवर सात महिन्यांची मुलगी. नातवाला दोन दिवसांपासून ताप होता, नाक वाहत होते, खोकला होता, डोळे लाल झाले होते. ‘हवा बदलली की होतेच’ असे आम्ही सर्वांनी ठरवून टाकले. तो दिवसभर त्या बाळाला घेऊन मिरवत होता; त्याला ती फार आवडे. लग्न लागले, पाठवणी झाली, लेक रात्रीच्या गाडीने परत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी नातवाच्या कानांमागे लाल पुरळ दिसले आणि दुपारपर्यंत चेहराभर पसरले. डॉक्टरांनी पाहताक्षणी सांगितले, गोवर आहे. घरात कोणी लहान बाळ आले होते काय?

वाचकहो, त्या प्रश्नाचे उत्तर मी दिले नाही. ‘नाही’ असे म्हणालो. लेकीच्या सासरी कळवू नका, असेही घरी बजावले. विहीणबाई काय म्हणतील? लग्नाला आलेले दोनशे लोक काय म्हणतील? मास्तरांच्या घरातून रोग निघाला, असे होईल. शिवाय बाळाला काही होणारही नाही, असे मी मनाशी घोकत होतो.

गोवराचा रोगी पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासून रोग पसरवीत असतो. म्हणजे ज्या वेळी घरची माणसे ‘साधी सर्दी’ म्हणतात त्याच वेळी तो वाटप करीत हिंडतो. तो खोलीतून उठून गेला तरी त्याच्या श्वासातले विषाणू दोन तासांपर्यंत त्या हवेत जिवंत राहू शकतात. ज्यांना संरक्षण नाही अशा दहा जणांचा निकट संबंध आला तर नऊ जण आजारी पडतात. पण संबंध आल्यापासून ७२ तासांच्या आत लस दिली तर सहा महिन्यांवरील बाळ या रोगातून वाचू शकते, निदान तो सौम्य होतो. ती वेळ गेली तरी सहा दिवसांपर्यंत इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन हा एक उपाय उरतो. डॉक्टरांनी प्रश्न विचारला तेव्हा ७२ तासांतला दीड दिवस आमच्या हातात शिल्लक होता. एका फोनचे काम होते. तो दीड दिवस मी अब्रू सांभाळण्यात घालवला.

अकराव्या दिवशी बाळाला ताप चढला. मग पुरळ, मग धाप. तीच धाप, जी मी १९५९ साली घोंगडीआडून ऐकली होती. नऊ दिवस ती इस्पितळात प्राणवायूवर होती. ती वाचली. पण तिचे वाचणे हे माझे शहाणपण नव्हे. लेकीला मी सारे सांगितले, त्यानंतर ती वर्षभर माझ्याशी बोलली नाही. त्यात तिचे काहीही चुकले नाही.

‘त्यांच्या’ वस्तीतला रोग

आता ज्यांच्यावर आम्ही बोट दाखवत होतो त्यांच्याकडे वळू.

दिवाळी आटोपते न आटोपते तोच मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडायची असते; एक दिवस काम बुडाले की खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. पाचटाच्या झोपडीत मूल रांगायला लागते, नऊ महिन्यांचे होते. त्याच्या सुईची तारीख ज्या गावच्या वहीत लिहिलेली असते ते गाव दोनशे मैल मागे राहिलेले असते. जिथे टोळी उतरली तिथे लसीकरणाचा दिवस कोणता, हे तिला कोणी सांगत नाही. सांगितले तरी तो वार कामाचा असतो.

त्यातूनही एखादी माय खाडा पत्करून केंद्रावर पोचते. तिथे काय घडते? गोवराच्या लसीची एक बाटली पाच किंवा दहा मुलांची असते. पूड पाण्यात विरघळवली की चार तासांत ती वापरावी लागते, उरली तर फेकावी लागते. म्हणून ‘अजून चार मुले जमू द्या, पुढच्या खेपेला या’ असे सांगून तिला परत पाठवल्याचे मी स्वतःच्या कानांनी ऐकले आहे. एका मुलासाठीसुद्धा बाटली उघडावी, हे सरकारचे धोरण आहे. धोरण कागदावर असते, बाटली बर्फाच्या पेटीत असते आणि माय रस्त्यावर असते! फेकलेल्या चार मात्रांचा हिशेब द्यावा लागेल याची ज्यांना भीती वाटते, त्यांना परत गेलेल्या एका मुलाचा हिशेब कोणी कधी विचारणार की नाही?

गोवराच्या उच्चाटनाची मुदत आपण प्रथम २०२० ठरवली, मग २०२३, मग २०२६. रोगाला मुदतवाढ देण्यात आपला हात धरणारा कोणी नाही!

तेव्हा त्या मायला आणि मला एका मापाने मोजू नका. तिला लस मिळाली नाही. मी ती नाकारली. तिच्याजवळ वेळ नव्हता. मी मिळालेला वेळ लपवाछपवीत दवडला. अडाणी कोण, याचा निवाडा वाचकांनीच करावा.

सुईची भीती

लसीविरुद्ध बोलणाऱ्यांचे सगळेच म्हणणे खोटे, असे मी म्हणणार नाही. असे म्हणणारे प्रचारकच लसीचे अधिक नुकसान करतात. जानेवारी २०२२ मध्ये बेळगाव जिल्ह्यात रामदुर्ग तालुक्यात गोवर-रुबेलाची लस टोचल्यानंतर तीन बालके दगावली. दोष लसीच्या घडणीत नव्हता. ती साठवण्या-हाताळण्यात अक्षम्य चूक झाली होती, असे अधिकाऱ्यांनी सांगितले. पण ज्यांची मुले गेली त्यांना हा फरक सांगून काय उपयोग? अशा वेळी झाले ते उघड सांगावे, चूक करणाऱ्याला जबाबदार धरावे आणि काम अधिक काळजीने चालू ठेवावे.

काम बंद पाडले तर काय होते, हे पॅसिफिक महासागरातल्या सामोआ या चिमुकल्या देशाने पाहिले आहे. तिथे २०१८ साली दोन बालके लसीनंतर दगावली. परिचारिकांनी लसीत पाण्याऐवजी भलतेच औषध मिसळले होते. लोक बिथरले, कार्यक्रम थांबला, लस घेतलेल्या बालकांचे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास उतरले. पुढच्याच वर्षी गोवर आला. जेमतेम दोन लाख वस्तीच्या त्या देशात ८३ माणसे मेली, त्यांतली बहुतेक पाच वर्षांखालची मुले. डिसेंबर २०१९ मध्ये सरकारने दोन दिवस सर्व व्यवहार बंद ठेवले आणि ज्या घरात लस न घेतलेले माणूस असेल त्याने दारावर लाल कापड लावावे, असे सांगितले. सुया घेऊन फिरणाऱ्या पथकांना ते घर ओळखू यावे म्हणून. दोन मृत्यूंच्या भीतीने त्र्याऐंशी मृत्यू ओढवले.

आणि ‘लसीने मुले मतिमंद होतात, अबोल होतात’ हे? त्याचा उगम १९९८ साली इंग्लंडमध्ये वेकफील्ड नावाच्या डॉक्टरने अवघ्या बारा मुलांवर लिहिलेल्या एका निबंधात आहे. तो निबंध २०१० साली ‘लॅन्सेट’ने मागे घेतला, त्या डॉक्टरचे नाव वैद्यकाच्या नोंदवहीतून काढून टाकण्यात आले. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांची वर्षानुवर्षे पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. लसीचा आणि स्वमग्नतेचा काही संबंध आढळला नाही. खोटे पायात चाके बांधून येते आणि खरे बिचारे पायी चालत येते. पण मास्तरांनी तरी पायी येणाऱ्याची वाट पाहायला नको होती काय?

राहता राहिली देवीच्या कोपाची गोष्ट. माझ्या दंडावर देवी टोचल्याचा वण आहे. ती टोचायला माणूस आला की, आमच्या गावातल्या बाया पोरांना कणगीत लपवीत. देवीचा रोग तिच्या इच्छेने येतो, त्याला अडवले तर ती कोपेल, असे म्हणत. १९७५ नंतर भारतात देवीचा एकही रोगी राहिला नाही. देवी कोपल्याचे काही ऐकिवात नाही. कर्णपुऱ्याची यात्रा नवरात्रात दर वर्षी पूर्वीपेक्षा मोठी भरते. रोग गेला, देवी राहिली. दोघींचा संबंध आपणच लावला होता.

मात्र सक्तीचा मी पुरस्कर्ता नाही. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या निमित्ताने गोरे सोजीर घराघरांत घुसवले गेले. लोकांनी रोगी माळ्यावर लपवले, आणि त्याचा शेवट रँडच्या खुनात झाला. त्याच साली त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता त्याच रोगाने गेल्या. साथीत माणसाकडे जाण्याचे दोन मार्ग असतात, ते या एकाच सालात पाहायला मिळतात. दारावर येणारी आरोग्यसेविका सावित्रीबाईंच्या वाटेने आलेली असते. तिच्या तोंडावर दार लावणारा मी कोणाच्या वाटेने चाललो होतो?

मग करावे काय?

‘साथ आली, आपले घर कसे सांभाळावे?’ असे लोक मला आता विचारतात. पहिले उत्तर असे की, घर सांभाळायचे तर घराची कार्डे काढा. प्रत्येक मुलाचे लसीचे कार्ड पाहा. नऊ महिने पूर्ण होताच पहिली मात्रा आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दुसरी, अशा दोन नोंदी त्यावर हव्यात. नऊ महिन्यांच्या पहिल्या मात्रेने शंभरातल्या सुमारे ८५ मुलांनाच संरक्षण मिळते, म्हणून दुसरी टाळायची नाही. राहिली असेल तर ‘आता वेळ गेली’ म्हणू नका. मोठ्या मुलालाही ती देता येते. साथ भडकलेल्या भागात शासन सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही एक जादा मात्रा देते, २०२२ साली ती दिली होती. पण तिच्यामुळे पुढच्या दोन चुकत नाहीत. गरोदर बाईला आणि ज्याची प्रतिकारशक्ती फार खचली आहे अशा रोग्याला मात्र ही लस देत नाहीत. त्यांचे संरक्षण भोवतालच्यांनीच करायचे असते.

ताप, सर्दी, खोकला, लाल डोळे असलेले मूल लग्नाला, शाळेत, बाळाच्या पाळण्यापाशी नेऊ नका. पुरळ उठल्यावर चार दिवस त्याला वेगळे ठेवा. खोली अंधारी करू नका, हवा येऊ द्या. अन्न तोडू नका. उलट थोडे थोडे, पण पुन्हा पुन्हा खायला-प्यायला द्या, अंगावर पीत असेल तर पाजत राहा. फोडणी घालायची की नाही ते खुशाल ठरवा, तिने काही बिघडत नाही. मनुकाही द्या, त्यांनीही बिघडत नाही; पण मनुका म्हणजे औषध नव्हे. डॉक्टरांकडून ‘अ’ जीवनसत्त्वाच्या दोन मात्रा लागोपाठच्या दोन दिवशी मागून घ्या: वर्षावरील मुलाला २ लाख एककांची, सहा महिने ते वर्षाच्या बाळाला १ लाखाची, त्याहून लहानाला ५० हजारांची. त्याने डोळे वाचतात आणि जीवही वाचतो. धाप लागली, मूल पाणी घेईना, झटके आले, गुंगीत गेले, डोळ्यांत पांढरे दिसू लागले, तर क्षणाचाही विचार न करता इस्पितळ गाठा.

आणि सांगा. ज्यांच्या ज्यांच्या घरी ते मूल गेले होते त्यांना त्याच दिवशी फोन करा, आशाताईला कळवा. लाज वाटेल. वाटू द्या. लाजेने कोणी मरत नाही.

पण हे सर्व केल्यावरही घर पूर्ण सांभाळले जात नाही, हे माझे दुसरे आणि खरे उत्तर आहे. आठ महिन्यांच्या बाळाला आपण घरात काय करून वाचवणार? त्याची सुईची वेळच आलेली नसते. शंभरांतल्या पंचाण्णवांनी दोन्ही मात्रा घेतल्या असतील तर गोवराला त्या बाळापर्यंत यायला वाट सापडत नाही. म्हणजे त्या बाळाचे संरक्षण शेजाऱ्याच्या मुलाच्या दंडात असते, नारेगावातल्या मुलाच्या दंडात असते, पाचटाच्या झोपडीतल्या त्या मुलाच्या दंडात असते. दार लावून घेतल्याने हवा अडत नाही. ‘माझे घर’ म्हणून जे काही आपण सांभाळू पाहतो त्याच्या भिंती सगळ्या गावभर पसरलेल्या आहेत. ज्याला स्वतःच्या नातीची काळजी आहे त्याने ऊसतोडीच्या फडावर सुई कधी जाते आणि केंद्रावरची बाटली एका मुलासाठी उघडते की नाही, याची चौकशी केली पाहिजे. हा परोपकार नव्हे. हा साधा स्वार्थ आहे, फक्त नीट समजून घेतलेला.

माझी नात आता बालवाडीत जाते. बोलकी आहे, गोष्टी सांगते. पण ज्यांना वर्षाच्या आत गोवर होतो त्यांच्यापैकी काहींच्या मेंदूत तो विषाणू दडून राहतो आणि बहुधा सात-दहा वर्षांनी वर येतो. मूल अडखळू लागते, शिकलेले विसरू लागते, आणि त्यावर आजही खात्रीचा इलाज नाही. कॅलिफोर्नियात झालेल्या एका पाहणीत वर्षाच्या आत गोवर झालेल्या सुमारे ६०० मुलांमागे एकाला असे झाल्याचे आढळले. सहाशेत एक म्हणजे फार नव्हे, असे डॉक्टर मला समजावतात. मीही स्वतःला समजावतो. पण ती कधी जिना चढताना ठेचकाळली, एखादा शब्द शोधताना थांबली, की माझ्या हातातला चहा तसाच राहतो. आणखी कितीतरी दिवाळ्या मला असेच पाहत बसायचे आहे.

सामोआतल्यासारखी लाल कापडे २०२२ साली आमच्या शहरात लावायची ठरली असती, तर माझ्या दारावर एक लागले असते. त्या दारामागे बसून मी म्हणत होतो की, आम्हांलाही गोवर निघाला होता, काय झाले आम्हांला? यापुढे हे वाक्य तुमच्यासमोर कोणी बोलले, तर त्याला एवढेच विचारा: तुम्ही किती भावंडे होता, आणि किती उरलात?